खण नंबर चार

कुवेतात, आमच्या मंगाफच्या बिल्डिंगीत लिफ्ट बंद पडली की लोक आधी माझ्याकडे येतात आणि मग हारिसकडे, म्हणजे खालच्या राखणदाराकडे. याचं कारण मी एकदा गप्पांत सहज म्हणून गेलो होतो, की नाशिकला असताना अख्ख्या कारखान्याची लिफ्ट मी एका हेअरपिनने चालू केली होती. त्या कारखान्याला एकच मजला होता. पण तेवढं कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.

अशा माणसाच्या हातात एक दिवस रेडिओ स्कॅनर आला.

मी नोकरी करतो ती शुऐबा बंदराच्या गेटाबाहेर, एका छोट्याशा कंपनीत. बंदरात लागणाऱ्या जहाजांना आम्ही कांदे, बटाटे, बर्फातलं मटण आणि पिण्याचं पाणी पुरवतो. जहाज कधी आत येतंय, कधी सुटतंय याचे ईमेल येतात, पण ईमेल एक सांगतं आणि समुद्र दुसरंच करतो. म्हणून ऑफिसात पहिल्यापासून एक स्कॅनर असायचा. त्याच्या परवानगीचा शिक्का मारलेला कागद साहेबांनी फ्रेम करून भिंतीवर लावलाय, आणि स्कॅनर ऑफिसच्या दाराबाहेर न्यायचा नाही हा नियम. स्कॅनर म्हणजे नुसता ऐकणारा रेडिओ. त्यातून बोलता येत नाही. त्यात चॅनेल भरून ठेवायचे, की तो एकेका चॅनेलवर डोकावत फिरतो. कोणी बोलताना सापडलं की थांबतो, ऐकवतो, बोलणं संपलं की पुढे पळतो. एखाद्या माणसाला घरोघरी डोकवायची हौस असावी पण चहाला थांबायला वेळ नसावा, तसा.

हे खातं एका मल्याळी काकांकडे होतं. काका मुलीच्या लग्नाला केरळला गेले आणि त्याच आठवड्यात जुन्या स्कॅनरने प्राण सोडला. कुवेत शहरातल्या शर्कच्या हेड ऑफिसातून साहेबांनी नवा पाठवला आणि फोनवर विचारलं, "प्रोग्रॅम करता येईल ना तुला?"

"सर, डोळे मिटून करेन," मी म्हणालो.

डोळे मिटूनच करावा लागला, कारण माहितीपुस्तकातली अक्षरं मुंगीने मुंगीला लिहिलेल्या चिठ्ठीएवढी होती. रविवारचा अख्खा दिवस मी त्या यंत्राशी कुस्ती खेळलो. मॅन्युअलचं बटण दाबायचं, खणाचा नंबर दाबायचा, पुन्हा मॅन्युअल, मग प्रोग्रॅम, मग फ्रिक्वेन्सीचे आकडे, मधला पॉइंट, आणि शेवटी एंटर. मी पॉइंट विसरायचो. पॉइंट आठवला की एंटर विसरायचो. दोन्ही आठवलं की खणाचा नंबर विसरून सगळे चॅनेल एकाच खणात कोंबायचो. दुपारपर्यंत मी खुर्चीत एवढ्यांदा उठबस केली की खुर्चीचं एक चाक निखळलं. शेवटी लाज सोडून काकांना फोन लावला. मागे नादस्वरम असं वाजत होतं की नवरा-नवरी फोनमध्येच उभे असावेत.

"काका, कुछ भी सुनाई नहीं देता!"

"स्क्वेल्च कितना किया?"

"पूरा!"

"अरे, पूरा करेगा तो भगवान भी बोलेगा तो सुनाई नहीं देगा! खरखर बंद होते ही रुक जा. उसके आगे एक बाल भी नहीं!"

मग भर मांडवातून, वऱ्हाडाच्या साक्षीने, काकांनी मला सहाच्या सहा फ्रिक्वेन्सी तोंडपाठ सांगितल्या. संध्याकाळी यंत्र बोलू लागलं. पहिल्या खणात सगळ्या जहाजांचा सामाईक कट्टा. दुसऱ्या-तिसऱ्यात टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या ठेंगण्या दणकट बोटी. चौथ्यात बंदराचं कंट्रोल, म्हणजे खरा दरबार, कारण आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला तिथेच बोलावं लागतं. पाचव्यात मासेमार. सहाव्यात गाळ काढणारं जहाज, त्याच्यावरचे लोक दिवसभर भांडायचे.

त्यानंतर मी ते केलं, जे आपल्या माणसाने नव्या यंत्राचं पहिल्याच दिवशी करायचं असतं. त्याला प्लास्टिकची पिशवी चढवली. कुवेतातली धूळ तुम्हाला सांगतो, बंद कपाटातल्या बंद डब्यातल्या बंद घड्याळात शिरते. माझ्या घरी टीव्हीच्या रिमोटला पिशवी आहे, पिशवीला पिशवी आहे, आणि आतला रिमोट काळा आहे की करडा हे मी लग्नाला दहा वर्षं होऊनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. स्कॅनरला मी चांगली जाड पिशवी निवडली, ताणून बसवली, वर एक आणि खाली एक असे दोन रबरबँड आवळले आणि त्याला खिडकीत उभा केला. नवरदेव दिसत होता.

आता मावशी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, मूळची गुहागरकडची. तिचं बाळंतपण झालं आणि त्यासाठी तिची आई व्हिजिट व्हिसावर आली. ती अख्ख्या बिल्डिंगीची मावशी. दिसायला शेवग्याच्या शेंगेसारखी, पण तिसऱ्या मजल्यावरून नुसत्या आवाजाने खालच्या हारिसला दचकवणारी. या मावशीचा मुलगा जहाजावर ऑफिसर. दीड वर्षापूर्वी त्याचे वडील गेले तेव्हा तो ब्राझीलच्या वाटेवर, भर समुद्रात. खांद्याला नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. त्याचा फोन आला तेव्हा मावशी म्हणाली, "बापाला आला नाहीस, आता मला पण येऊ नकोस." पोराने ते शब्दशः धरलं. बहिणीला मेसेज करतो, आईचा फोन उचलत नाही. मावशीने चार वेळा लावून पाहिला. पाचव्यांदा लावला नाही.

हे मला सगळं त्या रविवारी संध्याकाळीच कळलं, कारण मी जिन्यात स्कॅनरच्या विजयाची कथा सांगत होतो. कथेत आतापर्यंत मी इराणच्या किनाऱ्यावरचा कोंबडा आरवलेला ऐकला होता. मावशी पायरीवर बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "जहाजावरची माणसं ऐकू येतात त्यात?"

"माणसं? मावशी, माणसांचे श्वास ऐकू येतात!"

"माझा मुलगा येतोय मंगळवारी. शुऐबालाच. गुरुवारी जाणार."

तिची लेक बाळाला थोपटत दारात उभी होती. ती म्हणाली, "तो खाली उतरणार नाही, दादा. शोअर पास नाहीये म्हणे. आणि आई शनिवारच्या विमानाने जातेय. रेडिओवर बोलायचं काम त्याच्याकडेच असतं, असं मागे लिहिलं होतं त्याने मला."

मावशी पदराच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. "भेटायचं नाही मला," ती म्हणाली. "नुसता आवाज ऐकायचाय. बरा आहे की नाही ते मला आवाजावरून कळतं. लिहिलेल्यावरून नाही कळत. लिहिताना सगळेच बरे असतात."

आता इथे शहाण्या माणसाने म्हटलं असतं, बघू. मी म्हणालो, "मावशी, आवाज ना? समजा आलाच तुमच्या कानात!"

सोमवारी सकाळी मी तिला गाडीत घालून ऑफिसला नेलं. साहेब शर्कहून महिन्यातून एकदा येतात आणि आले तरी एसीजवळून हलत नाहीत, त्यामुळे चिंता नव्हती. अट एकच होती. अकराला तिला परत घरी सोडायचं, कारण बाळाची मालिश आणि आंघोळ दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती.

खिडकीतला स्कॅनर बघून पहिलं काय म्हणाली असेल? "पिशवी घातलीस ते बरं केलंस हो. धूळ किती मेली इथे!"

मी तिला विद्या शिकवायला बसलो. चॅनेल म्हणजे खण, खणात फ्रिक्वेन्सी, फ्रिक्वेन्सीला पॉइंट.

"म्हणजे मिसळणाचा डबा," ती म्हणाली. "एका वाटीत हळद, एका वाटीत मोहरी."

"तसंच. आणि हा स्क्वेल्च..."

"ही चाळण. खरखर गाळायची."

मी रविवारभर जे शिकलो ते तिने चहा गार व्हायच्या आत शिकून घेतलं. मला जरा अपमानच वाटला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आकडे येत होते. पडद्यावर आकडा थांबला आणि आवाज आला, की ती विचारायची, हा कोण? मी सांगायचो. मग तिने कॅलेंडरचं एक जुनं पान मागून घेतलं, पाठीमागे एक ते सहा आकडे लिहिले आणि ज्या खणावर माणूस बोलेल त्याच्यापुढे एक उभी रेघ ओढू लागली. पाचपुढे तिने छोटा मासा काढला. सहापुढे दोन माणसं, एकमेकांकडे बोट दाखवणारी.

"हे कशाला, मावशी?"

"मला बोलणं कळत नाही. मग निदान कोण किती बोलतो ते तरी कळू दे."

सोमवारी चारपुढे रेघांचं कुंपण झालं.

मंगळवारी सकाळी आभाळ पिवळं. अशा धुळीच्या वादळाला इथे तोझ म्हणतात. त्या दिवशीचा तोझ असा होता की मी गाडीतून उतरताना स्वतःचा हात शोधत होतो. मावशी खिडकीपाशी, मी खिडकी ते दार, दार ते खिडकी. ईमेल म्हणत होतं दहा वाजता, मग म्हणालं साडेदहा. मी चहा केला आणि प्यायला विसरलो, म्हणून दुसरा केला. साडेनऊला स्कॅनर चारवर थांबला. कंट्रोलचा माणूस कोणाला तरी नाव विचारत होता. मी झडप घातली, यंत्र मुठीत आवळलं, कानाला लावलं.

"हाच असेल!"

तो नव्हता. बोलणंही अर्ध्यात तुटलं. मी यंत्र परत ठेवलं आणि फेऱ्या चालू केल्या. दहा वाजले, साडेदहा वाजले. मासेमार बोलले, टगवाले बोलले, गाळवाले भांडले. कंट्रोल गप्प. मी मावशीला समजावलं की वादळात कंट्रोल मौन पाळतं. आंतरराष्ट्रीय नियम आहे. हा नियम मी तिथेच, त्याच क्षणी केला.

अकराला तिला उठावं लागलं. दारात पाय घुटमळला तिचा. "तू ऐक हो नीट," म्हणाली. "मला फोन कर."

तिला सोडून मी परत आलो तर टेबलावर ईमेल. जहाज साडेअकराला आत आलं, धक्क्याला लागतंय. मी स्कॅनरकडे पाहिलं. तो मासेमारांचं ऐकवत होता. मी त्याला कान लावला, बोट दाखवलं, शिव्या दिल्या. कंट्रोलचा चकार शब्द नाही. आणि तेवढ्यात मावशीचा फोन.

"आला का रे?"

एक क्षण होता. त्या क्षणात मला नाही म्हणता आलं असतं.

"आला!" मी ओरडलो. "आला, बोलला! काय आवाज, मावशी! देवळातल्या घंटेसारखा! खणखणीत! कंट्रोलवाला सावरून बसला!"

पलीकडे बाळ रडत होतं.

"खणखणीत?" शेवटी तिने विचारलं.

"एकदम!"

"बरं," ती म्हणाली. "त्याचा आवाज बसका आहे रे. सहावीत घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून." आणि तिने फोन ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात. एकदा नाशिकला मी एका माणसाला पटवलं होतं की गोदावरीला पूर आला की आमच्या गल्लीत सुरमई येते, आणि तो जाळं घेऊन आला होता. पण त्या दिवशी मी फोन हातात धरून असा उभा राहिलो, की एसीच्या वाऱ्याने जरी माझ्याकडे पाहिलं असतं तरी मी मान खाली घातली असती.

बुधवारी मला वाटलं, ती येणार नाही. ती गाडीपाशी माझ्या आधी उभी. हातात डबा, बगलेत ते कॅलेंडरचं पान. कालचा एक शब्द नाही. ती ओरडली असती तर मी सुटलो असतो. तिने डब्यातल्या घावनांचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि पेन्सिल उचलली. धक्क्याला बांधलेलं जहाज रेडिओवर बोलत नाही, हे मला काकांनी सांगितलं होतं, मी तिलाही सांगितलं. तरी ती अकरापर्यंत रेघा ओढत बसली. मी दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन धक्क्याच्या दिशेने बघून येत होतो. दोन गोदामं आणि एका टाकीच्या आड त्या जहाजाची क्रेन तेवढी दिसायची, पिवळी. तिला दाखवावी की नाही ते मला ठरवता आलं नाही. नाही दाखवली.

गुरुवार. ईमेल म्हणालं, सुटण्याची वेळ अकरा. मावशीने गाडीत बसतानाच सांगितलं, "आज आंघोळ लेक घालेल." मला काय समजायचं ते मी समजलो. नऊपासून मी असा फिरत होतो की लादीवर माझी पायवाट पडली असेल. पट्टा ढिला केला, घट्ट केला. घड्याळ पाहिलं. ते बंद आहे की काय म्हणून मोबाइल पाहिला. काकांना फोन लावला तर ते विमानतळावर सासरी निघालेल्या मुलीला निरोप देत होते. दोघंही रडत होते, मी तिसरा.

"तू जरा बस," मावशी म्हणाली. "मला एक सांग. चार नंबरवाला मेला काय रे?"

"कोण?"

तिने पान माझ्यापुढे पसरलं. "हा सोमवार. चारपुढे बघ, कुंपण झालंय. हा मंगळवार. चारपुढे एकच रेघ, साडेनऊची. त्याच्यानंतर एकसुद्धा नाही. काल नाही, आज नाही. एक येतो, दोन येतो, तीन येतो, मग पाच. चार का गाळतो हा?"

"मावशी, वादळाचा नियम..."

"काल कुठे होतं वादळ?"

मी पट्टा पुन्हा ढिला केला.

"मंगळवारी तू झडप घातलीस ना, तेव्हा टिक वाजलं आतून. मी ऐकलं. आणि तेव्हाच त्याचं बोलणं तुटलं."

मी खिडकीशी गेलो. मॅन्युअल दाबलं, चार दाबला. पडद्यावर चारचा आकडा आणि शेजारी कोपऱ्यात, पिशवीच्या सुरकुतीआड, दोन बारीक अक्षरं. मी माहितीपुस्तकातली मुंगीची चिठ्ठी काढली. ज्या खणाचा कंटाळा आला असेल तो वगळायचं एक बटण असतं. स्कॅनर त्या खणावर थांबलेला असताना ते दाबलं, की तो लगेच पुढे पळतो आणि त्यानंतर तो खण गळतो. बटण कुठे होतं? खालच्या रबरबँडच्या बरोब्बर खाली. बँड त्याच्यावर असा बसला होता की बाहेरून जरा मूठ आवळली तरी दाबलं जाईल. चारवर आवाज आला की झडप घालणारा या खोलीत एकच इसम होता.

पोराच्या आवाजाचा आईकडे येणारा दरवाजा मी पिशवी आणि रबराने बंद केला होता. तोही तीन दिवस, तिच्या डोळ्यांदेखत.

"काढ ती पिशवी," मावशी म्हणाली.

"धूळ..."

"जाऊ दे मेली धूळ!"

मी नखांनी ओरबाडली. रबरबँड तुटून माझ्या नाकावर बसला, ते मला मिळायलाच हवं होतं. यंत्र उघडं झालं. करडं होतं. मी ते बटण पुन्हा दाबलं, अक्षरं गेली, स्कॅन चालू केला. घड्याळात पावणेअकरा.

अकरा वाजले. मासेमार. सव्वाअकरा. टगवाला म्हणाला की तो निघालाय, आणि मला वाटलं मी छतातून वर जाईन. मावशी मात्र हलत नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर आकड्यावर.

चार.

"पोर्ट कंट्रोल, पोर्ट कंट्रोल, गुड मॉर्निंग सर..." आणि जहाजाचं नाव. आवाज बसका. आतून कोणीतरी पोतं ओढत नेल्यासारखा. बंदराचा वाटाड्या पायलट जहाजावर आलाय, टग बांधलेत, सुटायची परवानगी द्या. मध्ये तो थांबला. तोंड बाजूला केल्यासारखं झालं, आणि दोनदा खोकला. "सॉरी सर. रेडी फॉर डिपार्चर."

कंट्रोलवाल्याने परवानगी दिली. तो म्हणाला, "थँक यू सर." स्कॅनर पाचवर पळाला.

मावशीने रेघ ओढली नाही. पेन्सिल तशीच हातात.

मी काहीतरी म्हणणार होतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे शब्द नव्हते असं झालेलं नाही, पण तेव्हा जे होते ते सगळे घंटेच्या जातीचे होते.

"खोकला झालाय त्याला," मावशी म्हणाली. "सुका आहे. छातीत नाही उतरलेला, पण उतरेल."

तिने पिशवीतून आपला मोबाइल काढला. त्याला अर्थातच पिशवी होती. ती तिने टराटरा फाडली. मुलाचं नाव काढलं आणि आवाज पाठवायचं बटण दाबून धरलं, जसं लेकीने शिकवलं होतं तसं, सगळ्या अंगाचा भार अंगठ्यावर देऊन.

"ऐक. खोकला झालाय तुला. एसीच्या तोंडाशी झोपतोस, माहिती आहे मला. तुझ्या बॅगेत उजव्या कप्प्यात ज्येष्ठमध बांधून दिलं होतं, कीड लागली नसेल तर दाढेत धर. गरम पाणी पी. आणि मी तेव्हा..."

अंगठा घसरला. मेसेज सुटला.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं."

"अर्धंच गेलं."

"पुन्हा पाठवा की, मावशी."

"नको," ती म्हणाली. "निम्मं त्याने विचारावं."

मग जे सुरू झालं त्याला मी वाट बघणं म्हणणार नाही, वाट बघणाऱ्याला निदान बसता येतं. साडेअकरा. फोनवर दोन करड्या खुणा. माणूस जहाज बाहेर काढत असताना फोन बघणार नाही, हे मला कळत होतं. आणि जहाज लांब गेलं की फोनचं नेटवर्क जाणार, हेही कळत होतं. या दोन कळण्यांच्या मध्ये मी पाऊण तास चाललो. हिशोब केला तर मी सालमियापर्यंत पोहोचलो असेन. एकदा पुन्हा चारवर त्याचा आवाज आला: पायलट उतरला, आम्ही बाहेर आहोत, थँक यू सर, गुड वॉच. यावेळी खोकला नाही. मावशीने मान हलवली. "दाबून धरला त्याने."

बारा वाजून गेल्यावर खुणा निळ्या झाल्या. आणि मी "मावशी, निळ्या!" म्हणायच्या आत फोन वाजला.

मावशीने फोन कानाला लावला आणि मला म्हणाली, "बाहेर ट्रक आलाय का बघ जरा."

ट्रक आला नव्हता. मी तो दाराच्या मागे उभा राहून बघितला.

"कोण सांगणार? मीच ऐकला," मावशी म्हणत होती. "अरे, इथेच बसलेय, तुझ्या बंदराच्या दारात... नाही, दिसत नाही. नुसतं ऐकू येतं... चार नंबरवर... हो. हो रे." मग अगदी हळू, त्या बाईच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं..." आणि त्याच क्षणी कुवेतातले सगळे एसी एकदम सुरू झाले. निदान आमचा तरी झाला, आणि तो एकटा चाळिसांना पुरतो. पुढचं काही मला ऐकू आलं नाही. माझी मर्यादा म्हणून सांगतो, मी दाराला कान आणखी चिकटवूनही पाहिला.

मी आत गेलो तेव्हा फोन मांडीवर होता. नेटवर्क गेलं होतं. मावशीने डोळे पुसून घेतले होते आणि घावनांचा डबा बंद करत होती. झाकण बसेना. माझ्या टेबलावरचा उरलेला रबरबँड तिने उचलला, डब्याला लावला.

"डिसेंबरात येतोय म्हणाला," ती म्हणाली. "गुहागरला. बघू."

"येईलच!" मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, मला माझा आवाज परत सापडला होता. "मावशी, मी सांगतो ना..."

"तू आधी मला हे सांग मेल्या," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. "परवाचा तो घंटेसारखा आवाज कोणाचा होता?"

मी क्षणभर विचार केला. "मावशी, तो चार नंबर नव्हताच. तो पाच होता. गडबडीत माझी ओळखण्यात चूक झाली."

मावशीने कॅलेंडरचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि पाचपुढच्या छोट्या माशावर बोट ठेवलं.

"पाचवर मासेवाले असतात," ती म्हणाली. "त्यांच्या आवाजाने कंट्रोलवाला सावरून बसला होय रे? चल, बाळाला पाहायचंय मला."